दोघांपुरता बाक

मी एक जुना सागवानी बाक आहे. लांबीने तोकडा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी हसायला नको. माझ्यावर दोनच माणसे बसू शकतात आणि तीही खांद्याला खांदा लावून. तिसऱ्याने टेकायचा प्रयत्न केला तर कडेचा माणूस हमखास खाली घसरतो. सध्या मी सौदी अरेबियातल्या हुफूफ शहरात, कामगार आणि मालक यांची भांडणे मिटवणाऱ्या कचेरीच्या प्रवेशदालनात उभा आहे. इथे येणारे लोक मला बघून म्हणतात, "किती छान, पण इतका छोटा कसा?" मित्रांनो, या एका प्रश्नाचे उत्तर म्हणजेच माझी सगळी जन्मकथा आहे.

माझा जन्म कोकणातला. बाणकोटच्या खाडीकाठी एका सुताराने मला घडवले. चार दणकट पाय, पाठीला एक आडवी फळी आणि लांबी अशी की चार माणसांनी ऐसपैस बसावे आणि वर पानाचा डबाही मांडावा. मला एका गलबतावर नाखव्यासाठी बसवले होते. जाताना आमच्याकडे तांदूळ आणि लाकूड असे, येताना खजूर. मला वारा आवडायचा. आपण जन्मभर समुद्रावरच राहणार, अशी माझी ठाम समजूत होती.

पण उकैर बंदराजवळ आमचे गलबत खडकावर घासले आणि तळ फुटला. माणसे वाचली. लाकूडसामान किनाऱ्यावर विकले गेले. मला एका व्यापाऱ्याने उंटावर लादले, एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला माझ्या वजनाच्या तोडीची तांदळाची पोती. तो उंट सारखा मान वळवून माझ्याकडे रागाने बघायचा. त्याचे बरोबरच होते. वाळवंटात बाक कशाला हवा, हे मलाही कळत नव्हते.

मी पोचलो तो हुफूफच्या काजींच्या दारी. त्यांचे नाव शेख राशिद. काजी म्हणजे न्याय देणारे. ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. काजी अंगाने किरकोळ होते आणि इतके हळू बोलत की भांडायला आलेल्यांना ऐकण्यासाठी गप्पच बसावे लागे. त्यांचा न्यायनिवाडा घराच्या ओसरीवर चाले. लोक जमिनीवर बसत. तिथेच त्यांना एक गोष्ट खटकत होती. श्रीमंत माणूस येताना आपला गालिचा आणि दोन उशा घेऊन येई. गरीब माणूस मातीवर बसे. मग बोलणे सुरू व्हायच्या आधीच एक वर आणि एक खाली झालेला असे. म्हणून त्यांना अशी बैठक हवी होती, जी हुफूफमधल्या कुणाच्याच घरातली नाही. समुद्रापलीकडून आलेला बाक कुणाचा नातेवाईक असणार? म्हणून मी.

मला फार मोठा मान मिळाला, असे वाटून मी फुशारलो. ती फुशारकी महिनाभर टिकली.

झाले असे की, माझ्यावर भांडणारे दोघे बसायचे ते दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून. मधल्या जागेत दोघांचे भाऊ आणि मेहुणे घुसायचे. आरडाओरडा असा व्हायचा की माझे सांधे हलायचे. एक दिवस काजींनी सुतार बोलावला आणि माझ्या मध्यावर बोटाने रेघ ओढली. सुताराने दोनदा विचारले, "शेख, नक्की?" काजी म्हणाले, "दोघांपुरता ठेव. खांदे लागले पाहिजेत."

मला करवतीने कापले! तीन समुद्र बघितलेल्या लाकडाला! कापलेला तुकडा चुलीत गेला. माझे दोन पाय सरकवून नव्या टोकाला ठोकले. मी त्या दिवसापासून काजींवर जो रुसलो तो चांगली दोन वर्षे. आता सांगायला लाज वाटते, पण खरे ते सांगतो आहे.

माझ्या या तोकडेपणाला जोडून काजींनी एक रीत घातली. भांडणारे दोघे माझ्यावर बसले की ते आधी म्हणत, "तू याची तक्रार सांग आणि तू त्याची." आपली नाही बरे का, समोरच्याची. आणि ती अशी सांगायची की समोरच्याने मान हलवून "हो, माझे म्हणणे हेच आहे," असे म्हणावे. तोपर्यंत खटला सुरूच व्हायचा नाही. काही जण तासभर अडकायचे. काही जण चिडून उठायचे, पाणी पिऊन परत यायचे. आणि कितीतरी जण, मित्रांनो, दुसऱ्याचे म्हणणे सांगता सांगताच गप्प व्हायचे आणि खटला न चालवताच घरी जायचे. हे मी डोळ्यांनी पाहिले. डोळे नाहीत मला, पण पाहिले.

माझा रुसवा ज्या दिवशी गेला, तो दिवस सांगतो.

हुफूफ म्हणजे खजुरांच्या बागांचे गाव. जमिनीतून झरे येतात आणि त्यांचे पाणी पाटांतून बागांना जाते. प्रत्येक बागेची पाळी ठरलेली असते. हलिमा नावाची एक विधवा होती. पाटाच्या अगदी शेवटी तिची बारा झाडे होती. तिची पाळी पहाटेपासून ऊन तिच्या कुंपणाच्या भिंतीवर येईपर्यंत. पण पाटाची फळी होती शेजारच्या जलालच्या मोठ्या बागेत आणि ती उघडायचे काम जलालने कबूल केलेले होते. ऐन उन्हाळा, खजूर भरायचे दिवस. त्या पहाटे जलाल फळी उघडायला विसरला. हलिमा खोरे घेऊन कोरड्या पाटाशी बसून राहिली. ऊन भिंतीवर आले. पाळी गेली. आता पुढची पाळी आठ दिवसांनी, आणि तोवर झाडे तग धरणार नव्हती. त्या झाडांवरच तिचे आणि तिच्या तीन लेकरांचे वर्ष चालायचे.

नियम जुना होता आणि स्पष्ट होता. गेलेली पाळी परत मिळत नाही. नियमात वाईट काही नव्हते. एकाला परत दिली तर खालच्या सगळ्यांची पाळी सरकते आणि मग रोज खोरी निघतात. जलाल हेच म्हणत होता. "माझी चूक झाली, पण नियम मी केला नाही."

काजी म्हणाले, "ठीक. आता हलिमाचे म्हणणे तू सांग."

जलाल सांगू लागला. "ती पहाटे आली. पाणी येईल म्हणून बसली. मी उघडणार हे तिला माहीत होते, म्हणून तिने मला हाकही मारली नाही..." इथे तो थांबला. त्याचा खांदा हलिमाच्या थोरल्या मुलाच्या खांद्याला लागलेला होता, कारण आईच्या वतीने तो माझ्यावर बसला होता. मला दोघांचेही वजन कळत होते. जलालचे वजन त्या क्षणी, कसे सांगू, वाढल्यासारखे वाटले.

मग काजींनी निवाडा दिला. तो मला शब्दन् शब्द पाठ आहे. "नियम जागचा हलणार नाही. दुसऱ्या कुणाच्याही पाळीला हात लागणार नाही. पण जलालने पहाटे जे करायला हवे होते, ते पहाटे झालेच आहे असे मी धरतो. तेव्हा आत्ता जलालच्या बागेत त्याच्या पाळीचे जे पाणी वाहते आहे, ते हलिमाचे आहे. जा आणि फळी फिरवा."

बाहेर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने हळूच "अल्लाहु अकबर" म्हटले. मला काय वाटले ते मी साध्या शब्दांत सांगतो. मी समुद्रात उंच लाटा पाहिल्या होत्या, रात्रीचे आभाळ पाहिले होते. पण इतके मोठे काही पाहिले नव्हते. नियम मोडला नव्हता आणि हलिमाची झाडेही मेली नव्हती. ज्याच्या चुकीने नुकसान झाले, त्याच्याच वाट्यातून भरपाई झाली होती. हे त्या किरकोळ अंगाच्या, हळू बोलणाऱ्या माणसाने एका जागी बसून केले होते. आणि मी त्याच्यावर रुसलो होतो!

तो निवाडा त्यांच्या लेखनिकाने लिहून घेतला. शिष्यांनी त्याच्या नकला केल्या. दूरच्या गावांचे काजी उंटांवरून आले, तो कागद वाचून गेले, माझी लांबी हातांनी मोजून गेले. कितीतरी ठिकाणी दोघांपुरते बाक झाले. नुसता नियम वाचून जिथे अन्याय होईल, तिथे नियम न मोडताही न्याय कसा गाठायचा, याची एक वाट त्या ओसरीवर पडली. कायद्याच्या पुस्तकांत अशा न्यायाला समन्याय म्हणतात, हे मी पुष्कळ नंतर ऐकले.

शेख राशिद गेले. ज्या दिवशी गेले त्या दिवशी माझ्यावर कुणीच बसले नाही. नंतर ओसरीवरचा न्यायनिवाडा बंद झाला आणि तो मोठ्या इमारतींत गेला. मला कोठारात ठेवले. खजुराच्या टोपल्या माझ्यावर रचल्या. मग तिकडे अबकैकच्या बाजूला तेल निघाले, हुफूफमध्ये रस्ते आणि दिवे आले, काजींच्या पणतवंडांनी नवे घर बांधले आणि मी गच्चीवर गेलो. उन्हाने माझी पाठ तडकली. एका पायाला वाळवी लागली. पाण्याची टाकी माझ्यावर ठेवायची टूम निघाली होती, पण मी पुरेसा लांब नव्हतो म्हणून बचावलो. तोकडेपणाचे आणखी काय काय उपकार मानावेत?

शेवटी जुन्या वस्तू जमवणाऱ्या सरकारी माणसांनी मला गच्चीवरून उतरवले आणि दुरुस्तीसाठी अली यांच्या कारखान्यात पाठवले. अली हे हुफूफचेच. जुनी दारे, पेट्या, पाळणे दुरुस्त करून विकायचा त्यांच्या वडिलांपासूनचा धंदा. माणूस वाईट नव्हता. फक्त कुठल्याही कामाला त्यांचे एकच उत्तर असे, "बुकरा." बुकरा म्हणजे उद्या.

आणि तिथे कादिर होता.

कादिर रायगडच्या किनाऱ्यावरचा, श्रीवर्धनकडचा सुतार. अलींकडे एकोणीस वर्षे काम करत होता. त्याने माझ्या कापलेल्या टोकावर रंधा फिरवला, भुसा चिमटीत घेतला, हुंगला आणि तो जागीच थबकला. "अरं, हा तर आपल्याकडचा साग! कसा रं आयलास तू हितं?"

मित्रांनो, दीडशे वर्षांनी माझ्याशी कुणी माझ्या बोलीत बोलले. मला बोलता आले असते तर मी काय काय सांगितले असते!

तो मला दुरुस्त करायचा आणि बोलत राहायचा. वाळवीचा भाग त्याने काढला, नवी खुंटी ठोकली. एक दिवस अली येऊन म्हणाले, "कचेरीच्या दालनात ठेवायचा आहे. असा तोकडा बरा दिसत नाही. जोड देऊन चार माणसांचा कर. यल्ला, लाग कामाला."

कादिरने माझ्या बसायच्या फळीवरून हात फिरवला. तिथे दोन खोलगट जागा पडलेल्या आहेत, शेजारी शेजारी. "मुदीर, हे बघा," तो त्याच्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला; मुदीर म्हणजे साहेब. "इथे फार माणसे बसली आहेत. दोन दोनच बसली आहेत. कुणीतरी विचार करूनच कापलाय. मी नाही लांब करणार."

अली कुरकुरले, पण त्यांनी आग्रह धरला नाही. कादिरला काही माहीत नव्हते, ना काजी, ना हलिमा. नुसत्या झिजेवरून त्याला कळले. असे हात मी दोनदाच पाहिले, एकदा बाणकोटला आणि एकदा इथे.

पण कादिरच्या आयुष्यात एक पाचर बसली होती, ती मला एका शुक्रवारी कळली. त्याची बायको फरहाना आणि बारावीतली मुलगी अरवा दुपारी डबा घेऊन कारखान्यात आल्या. कादिरला जेवण जाईना. तो माझ्याच कडेला टेकून बसला होता.

कारण असे होते. इथे राहायला परदेशी माणसाला इकामा नावाचे ओळखपत्र लागते आणि त्यावर कामाचे नाव लिहिलेले असते. कादिर सुतार होता, पण त्याच्या इकाम्यावर लिहिले होते 'विक्रेता'. एकोणीस वर्षांपूर्वी जो व्हिसा हाती आला, त्यावर तो आला होता. त्याच्या गावचे निम्मे लोक असेच आले. कागदावर एक काम, हातात दुसरे. कुणी कधी विचारलेही नाही. पण आता सौदीकरणाची वर्षे होती. या देशातल्या तरुणांना काम मिळावे म्हणून एकेक काम त्यांच्यासाठी राखले जात होते आणि दुकानातला विक्रेता हे त्यातले एक होते. सुताराचे काम राखीव नव्हते. कागदावरचे काम बदलून घ्यायला सरकारने मुदतही दिली होती. ती मुदत संपली होती.

फरहाना म्हणाली, "मी तुमाला किती येला बोलली, शेटकडं लिवून मागा! नुसता तोंडानं सांगून काय व्हतंय?"

"लिवून कसा मागू गं?" कादिर म्हणाला. "एकोणीस वरसं त्याचा मीठ खाल्ला. लिवून मागितला म्हंजे तुझ्यावर माझा भरवसा नाय, असाच झाला ना? तो बोलला बुकरा करतो. पाच येला बोलला. मी भीड कशी मोडू?"

"त्या भिडेपायी आता जानेवारीत इकामा खलास. आनि पोरीची परीक्षा?"

अरवा इतका वेळ मोबाइलकडे बघत होती. ती म्हणाली, "अब्बू, बोर्ड का रजिस्ट्रेशन हो गया है. सेंटर अब चेंज नहीं होगा. फेब्रुवारी में पेपर है. मैं यहाँ नहीं रही तो पूरा इयर गया." एवढे बोलून तिने तोंड फिरवले.

कादिरने माझ्या पायावरची एक बारीक कूस बोटाने काढली, इतकेच.

आठवड्याभरात मी इथे, या दालनात आलो. माझ्याभोवती जाड लाल दोरी लावली आणि समोर पाटी ठेवली, 'कृपया बसू नये'. बसू नये! माझ्यासारख्या बाकाला यापेक्षा मोठी शिक्षा कुठली?

पहिल्याच सकाळी एक तरुणी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिचे नाव अफनान. दोन पक्षांना समोरासमोर बसवून तडजोड घडवणे हे तिचे काम आणि नोकरी अगदी नवी. सौदीकरणाच्या वर्षांनीच तिला ती खुर्ची दिली होती. ती खाली वाकली, दोरीखालून हात घातला आणि माझ्या कापलेल्या टोकावर बोट ठेवले. पहारेकऱ्याला म्हणाली, "कायद्याच्या कॉलेजात आम्हाला एक पूर्ण तास या बाकावर होता. मला वाटले होते की तो फक्त पुस्तकात आहे." ते बोट मी कधीच विसरणार नाही.

आणि बारा दिवसांनी तिच्यासमोर जे दोघे आले, ते होते अली आणि कादिर. तक्रार करायला कादिर तयार नव्हता. फरहानाने त्याला दारापर्यंत आणून सोडले होते.

अफनानच्या खोलीचे दार दालनातच उघडते आणि ते उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. अली म्हणाले, "मी काय करू? मुदत संपली. त्याला विक्रेता म्हणून ठेवला तर माझा कारखाना सरकारच्या यादीत हिरव्या पट्ट्यातून लाल पट्ट्यात जाईल, मग माझे प्रत्येक सरकारी काम अडेल. नियम मी केला नाही."

नियम मी केला नाही! तेच शब्द. माझ्या खुंट्या आवळल्या.

अफनानने संगणकावर पाहिले. नियम स्पष्ट होता. ती उठली, बाहेर आली आणि तिने माझ्याभोवतीची दोरी सोडली. पहारेकरी धावत आला. "बाई, पाटी आहे!"

"माहीत आहे," ती म्हणाली. तिने पाटी उलटी करून भिंतीला टेकवली. "दोघेही इथे बसा."

ते बसले. खांद्याला खांदा लागला. अली अंगाने भरलेले, त्यांनी सरकायचा प्रयत्न केला, पण सरकायला जागाच नव्हती. आणि ती का नव्हती, हे आता मला ठाऊक होते. कादिरने मला लांब केले नव्हते म्हणून.

"कादिर, तू आधी," अफनान म्हणाली. "अलींचे म्हणणे तू सांग."

कादिरने खाली बघत सांगितले. हा धंदा त्यांच्या वडिलांचा आहे. त्यांनी सहा नव्या सौदी मुलामुलींना विक्रीच्या कामावर घेतले आहे, त्यांना शिकवायला वेळ लागतो. कारखाना लाल पट्ट्यात गेला तर त्या सहा जणांचेही काम जाईल. मुदीरना रात्री झोप लागत नाही, ते औषध घेतात. "माझ्या जागी ते असते तर मीही घाबरलो असतो."

अली त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "हो. माझे म्हणणे हेच आहे."

"आता तुम्ही, कादिरचे."

अली सांगू लागले. "हा एकोणीस वर्षांपूर्वी आला. काम चांगले करतो. याला एक बायको आहे. एक मुलगी आहे, ती शाळेत... ती..." ते अडकले. "किती वर्षांची आहे ती, कादिर?"

"सतरा."

"नाव काय तिचे?"

एकोणीस वर्षे, मित्रांनो. एकोणीस वर्षे एकाच छपराखाली, आणि नाव माहीत नव्हते.

"अरवा," कादिर म्हणाला. "बारावीला आहे. फेब्रुवारीत परीक्षा. परत गेलो तर तिचे वर्ष जाईल." एवढे सांगून तो घाईघाईने म्हणाला, "पण मुदीर, तुमच्यावर राग नाही."

ते ऐकून अलींनी दोन्ही हात तोंडावर घेतले. मला त्यांचे वजन कळत होते. जलालचे झाले होते, तसेच ते झाले. मग ते म्हणाले, "अर्ज भरलेला होता. कारकुनाने तीन वर्षांपूर्वी भरून माझ्या टेबलावर ठेवला होता. फक्त माझी सही हवी होती. मी म्हटले, बुकरा. तो अजून माझ्या खणात आहे."

अफनानचा चेहरा बुरख्याआड होता, पण तिचा श्वास मला ऐकू आला. ती म्हणाली, "नियम मी हलवू शकत नाही. पण हे तुम्ही लिहून द्याल? की वचन मुदतीत दिले होते, अर्ज मुदतीतला आहे आणि राहिले ते तुमच्याकडून राहिले?"

"देतो."

"आज?"

अलींनी मान वर केली. "आत्ता."

एक गोष्ट अजून होती. सुतार म्हणून आणखी एक परदेशी माणूस ठेवायची एकच परवानगी अलींकडे शिल्लक होती आणि ती त्यांनी नव्या कोरीव यंत्रावर बसणाऱ्या माणसासाठी राखली होती. यंत्रही मागवून झाले होते. तेही त्यांनी माझ्यावर बसूनच कागदावर लिहिले, की ती जागा कादिरला द्यावी. ते पाणी, मित्रांनो, जलालच्या बागेतले होते.

अफनानने तो कागद, खणातला जुना अर्ज आणि शेख राशिद यांच्या निवाड्याची नक्कल वरिष्ठ न्यायाधीशांकडे पाठवली. अकरा दिवस उत्तर आले नाही. मी रोज दाराकडे बघत होतो. काजी जाऊन इतका काळ लोटला. त्यांचे हाड अन् हाड वाळूत मिळाले असेल. त्यांचा हळू आवाज इथपर्यंत ऐकू येईल का, एवढीच मला धास्ती होती.

बाराव्या दिवशी अफनान कागद घेऊन बाहेर आली. अली आणि कादिर आपणहून माझ्यावरच बसले होते. तिने वाचले. "मुदतीचा नियम कायम आहे. दुसऱ्या कुणाच्या हक्काला बाधा येत नाही. मालकाने मुदतीत जे करायला हवे होते, ते मुदतीत झालेच आहे असे हे न्यायालय धरते. कादिरची नोंद त्या तारखेपासून सुतार अशी करावी."

शब्द तेच होते! ओसरी गेली, उंट गेले, ती माणसे गेली आणि ते वाक्य मात्र कागदावरून कागदावर चालत दीडशे वर्षांनी माझ्यापाशी परत आले होते. त्याने तेव्हा बारा झाडे वाचवली, आज एका मुलीचे वर्ष. मी लाकूड आहे. मला रडता येत नाही. पण त्या दुपारी माझी जुनी चीर थोडी उकलली, असे म्हणतात. वातानुकूलन यंत्रामुळे असेल.

मार्चअखेरीस कादिर अरवाला घेऊन मला दाखवायला आला. शेवटचा पेपर देऊन ती थेट आली होती, शाळेच्या गणवेशातच. दोघे माझ्यावर बसले. तिने दोन खोलगट जागांवरून हात फिरवला आणि, मित्रांनो, पहिल्यांदाच मी तिला आपल्या बोलीत बोलताना ऐकले.

"अब्बू, हा खरंच आपल्याकडचा हाय?"

"बाणकोटचा असंल नायतर दाभोळचा. आपलाच."

तेवढ्यात कादिरचा फोन वाजला. अली होते. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू आला. "कादिर, अरवाचा पेपर कसा गेला?"

दोरी त्या दिवसानंतर परत लागली नाही. पाटी अजून भिंतीकडे तोंड करून उभी आहे. रोज दोन माणसे माझ्यावर बसतात, आधी अवघडून, मग जरा सैल होऊन. सगळ्याच गोष्टी गोड होतात असे नाही. काही जण रागाने उठतात आणि परत येत नाहीत. तरीही अफनान रोज सकाळी मला फडक्याने पुसते आणि पहिल्या जोडीला विचारते, "आधी समोरच्याचे म्हणणे कोण सांगतो?"

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे आम्ही सगळेच जुने तुम्हाला सांगत असतो. मीही सांगतो. वर्षातून एकदा तेल लावा, वाळवीवर लक्ष ठेवा. ते राहून गेले तरी एक वेळ चालेल. पण उद्या कुणाला माझी दया आली, हा बिचारा तोकडा आहे, याला चांगला ऐसपैस करू या असे वाटले, तर त्याला हात जोडून सांगा, काहीही करा, पण याला लांब करू नका.